गोव्यात बसून बीबीसी रेडिओ फोरचा रविवार: नव्या श्रोत्यांसाठी

गाणी क्वचितच, जाहिराती नाहीत, सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत माणसं बोलतायत आणि लाखो लोक ते ऐकतायत. असं राष्ट्रीय केंद्र ब्रिटनमध्ये ३० सप्टेंबर १९६७ पासून रेडिओ फोर या नावाने चालू आहे. त्याआधी ते होम सर्व्हिस म्हणून ओळखलं जाई. बातम्या, मुलाखती, श्रुतिका, शेती, बागकाम, धर्म, कविता आणि हवामान हे सगळं तिथे एकाच छताखाली मिळतं. त्यातही रविवार वेगळा असतो. आठवड्याभराच्या घाईतून सुटल्यासारखा तो संथ चालतो, आणि नव्या माणसाने सुरुवात करावी ती याच दिवशी.

हा लेख फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी, काणकोण इथल्या आपल्यासारख्यांसाठी आहे. शाळा मराठीतून झाली, इंग्रजी वाचता येतं, पण ब्रिटिश माणूस भरभर बोलू लागला की अर्धं निसटतं, असे आपण पुष्कळ आहोत. काहींची मुलं स्विंडनला किंवा लंडनला आहेत आणि ती ज्या देशात राहतात तिथली माणसं घरात कसं बोलतात, कशावर चिडतात, कशावर हसतात हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. मी हे सगळं चाचपडत शिकलो. तुमचा वेळ वाचावा म्हणून लिहितो आहे.

सुरुवातीलाच माझं मत सांगतो: थेट ऐका, वेळेवर ऐका आणि थोडंच ऐका. तुकडे गोळा करून सवडीने ऐकायची सोय आज हाताशी आहे, पण रविवारची गंमत त्याच्या क्रमात आहे. घंटांनंतर प्रार्थना, प्रार्थनेनंतर वर्तमानपत्रं, मग एखाद्याच्या आयुष्याची गोष्ट, मग शेतावरचं भांडण, आणि रात्री समुद्र. हा क्रम तिथल्या श्रोत्यांच्या घरात मुरलेला आहे. तो मोडून ऐकलं तर कार्यक्रम मिळतात, रविवार मिळत नाही.

काय काय जवळ हवं

- स्मार्टफोन किंवा संगणक आणि बऱ्यापैकी इंटरनेट
- ब्लूटूथ स्पीकर, आणि त्याशिवाय एक साधा वायरचा इअरफोन
- वही आणि पेन (फोनवरची टिपणवही चालणार नाही, कारण पुढे सांगतो)
- भिंतीवरचं जास्तीचं घड्याळ, शक्य असेल तर
- ब्रिटिश बेटांचा साधा नकाशा, शाळेच्या ॲटलासमधला चालेल
- वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर राउटरला जोडलेला छोटा इन्व्हर्टर

कुठलंही शुल्क नाही. ब्रिटनमधला टीव्ही परवाना इथल्या श्रोत्याला लागू नाही.

१. केंद्र लावणं

जुन्या रेडिओवर हे केंद्र शोधत बसू नका. रेडिओ फोरची जुनी ओळख म्हणजे १९८ किलोहर्ट्झची दीर्घ लहर. ती गोव्यापर्यंत पोचत नाही आणि आपल्या बाजारातल्या संचांवर दीर्घ लहरींचा पट्टाही नसतो. लघुलहरींवर कधी बीबीसी लागलंच, तर ती वर्ल्ड सर्व्हिस असते. ते वेगळं केंद्र आहे. चांगलं आहे, पण जगभरच्या श्रोत्यांसाठी बनवलेलं आहे. आपल्याला हवं आहे ते ब्रिटिशांनी ब्रिटिशांसाठी चालवलेलं केंद्र.

इथे एक सापळा आहे. इंटरनेटवरचे जुने सल्ले तुम्हाला बीबीसी साउंड्स हे ॲप घ्यायला सांगतील. जुलै २०२५ मध्ये ते ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांसाठी बंद झालं. परदेशी श्रोत्यांसाठी आता रेडिओ फोरचं थेट प्रसारण बीबीसीच्या मुख्य संकेतस्थळावर आणि नुसत्या ‘बीबीसी’ नावाच्या ॲपवर आहे. त्यात ऑडिओचा विभाग उघडा, रेडिओ फोर निवडा, थेट प्रसारणाचं बटण दाबा. झालं. व्हीपीएनच्या, म्हणजे आपण ब्रिटनमध्येच आहोत असं भासवणाऱ्या सोयीच्या, भानगडीत पडायची गरज नाही.

डेटाचा हिशेब असा धरा. प्रवाह सेकंदाला ९६ किलोबिटचा असेल तर तासाला साधारण ४३ एमबी जातात. सहा तास ऐकलंत तरी पाव जीबीच्या आसपास. व्हिडिओच्या मानाने हे काहीच नाही. सत्तरी-सांग्यातल्या डोंगराळ वाड्यांवर जिथे चित्रफीत अडखळते, तिथेही आवाज बहुतेक वेळा नीट येतो.

२. घड्याळाचं गणित

हे एकदा नीट समजून घ्या. नवे श्रोते सगळ्यात जास्त इथेच गोंधळतात, आणि दोन-तीनदा हुकलं की कंटाळून सोडून देतात.

ब्रिटनमध्ये वर्षातून दोनदा घड्याळ बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येतं. आपलं घड्याळ कधीच हलत नाही. म्हणून उन्हाळी वेळेत त्यांच्या वेळेत साडेचार तास मिळवायचे, हिवाळी वेळेत साडेपाच. आपला अख्खा पावसाळा त्यांच्या उन्हाळी वेळेत येतो. दिवाळी त्यांच्या बदलाच्या आगेमागे येते, तेव्हा त्या दिवसांत जास्त सांभाळा. आणि लक्षात घ्या, बदल होतो तोच मुळी रविवारी. त्या दोन रविवारी ऐकायला बसण्याआधी ब्रिटनची वेळ फोनवर पाहून घ्या.

मी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं आहे ते याचसाठी. त्यावर ब्रिटनची वेळ असते. बीबीसीचं वेळापत्रक त्यांच्या वेळेत असतं, त्यामुळे डोक्यात बेरीज करावी लागत नाही.

रविवारचे मुख्य कार्यक्रम आपल्या वेळेनुसार असे येतात. आधी उन्हाळी, मग हिवाळी:

- बेल्स ऑन संडे: सकाळी १०.१३ / ११.१३
- संडे वर्शिप: दुपारी १२.४० / १.४०
- ब्रॉडकास्टिंग हाउस: दुपारी १.३० / २.३०
- डेझर्ट आयलंड डिस्क्स: दुपारी २.३० / ३.३०
- द आर्चर्स, आठवड्याचे सगळे भाग एकत्र: दुपारी ३.३० / ४.३०
- द वर्ल्ड धिस वीकेंड: संध्याकाळी ५.३० / ६.३०
- गार्डनर्स क्वेश्चन टाइम: संध्याकाळी ६.३० / ७.३०
- शिपिंग फोरकास्ट: रात्री १०.२४ / ११.२४
- पिक ऑफ द वीक: रात्री १०.४५ / ११.४५

वेळापत्रक अधूनमधून हलतं. एप्रिल २०२४ मध्ये मोठी फेरमांडणी झाली आणि डेझर्ट आयलंड डिस्क्स व आर्चर्स यांची अदलाबदल झाली. म्हणून जुन्या लेखांतल्या वेळांवर जाऊ नका, आणि माझी ही यादीसुद्धा दर काही महिन्यांनी त्यांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. राजघराण्यातली घटना किंवा मोठी बातमी असेल तर त्या दिवशी सगळंच बदलू शकतं.

३. पहिल्या रविवारी एकच कार्यक्रम

पहिल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत कान लावून बसलात तर संध्याकाळी डोकं दुखेल आणि पुढच्या रविवारी तुम्ही फिरकणार नाही. पहिले तीन-चार रविवार फक्त डेझर्ट आयलंड डिस्क्स ऐका.

कल्पना साधी आहे. पाहुणा निर्जन बेटावर अडकला आहे असं धरायचं. त्याने सोबत आठ ध्वनिमुद्रिका, एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू न्यायची. बायबल किंवा त्याच्या धर्माचा ग्रंथ आणि शेक्सपिअरचं समग्र साहित्य तिथे आधीच असतं. चैनीची वस्तू निर्जीव हवी आणि बेटावरून सुटायला उपयोगी पडता कामा नये. शेवटी लाटा येतात, आठातली एकच मुद्रिका वाचवता येते, ती कोणती हे सांगायचं. रॉय प्लॉमली यांनी ही कल्पना काढली आणि २९ जानेवारी १९४२ ला, युद्ध चालू असताना, पहिला भाग गेला. तेव्हापासून शास्त्रज्ञ, नट, राजकारणी, खेळाडू, स्वयंपाकी असे हजारो लोक त्या बेटावर जाऊन आले. गायिका एलिझाबेथ श्वार्झकॉफ यांनी १९५८ मध्ये आठपैकी सात मुद्रिका स्वतःच्याच निवडल्या होत्या. आता लॉरेन लाव्हर्न हा कार्यक्रम चालवतात.

नव्या श्रोत्याला हा सोपा का जातो? मध्येमध्ये संगीत येतं, तेवढ्यात कानाला विसावा मिळतो आणि आधी ऐकलेलं डोक्यात बसतं. प्रश्न शांतपणे विचारले जातात. माणूस आपलं बालपण, आईवडील, पहिली नोकरी, मृत्यू यांबद्दल बोलतो, आणि हे विषय कळायला ब्रिटनची माहिती लागत नाही.

याची पॉडकास्ट आवृत्तीही मिळते, पण तिच्यात हक्कांच्या कारणामुळे गाण्यांचे तुकडे आखूड केलेले असतात. थेट प्रसारणात गाणं जास्त वेळ ऐकू येतं. वेळेवर बसण्याचा हा रोकडा फायदा.

ऐकून झालं की घरात हाच खेळ खेळा. आजीला विचारा, आठ गाणी कोणती नेशील? आमच्या घरी या प्रश्नावरून जेवढं बोलणं झालं तेवढं सणासुदीला होत नाही. कुणाला दीनानाथांचं नाट्यगीत हवं, कुणाला अभिषेकीबुवा, कुणाला मोगूबाई. केरीच्या केसरबाईंची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून अंतराळात गेली आहे. त्यामुळे बेटावर न्यायला ती नक्कीच शोभेल. आपली यादी तयार असली की पाहुण्याची यादी ऐकताना तुम्ही परके राहत नाही. त्याने असं का निवडलं, हे मनात आपोआप सुरू होतं.

अडचण एकच. हा कार्यक्रम उन्हाळी वेळेत बरोबर गोव्याच्या दुपारच्या झोपेवर येतो. शीत-हुमण जेवून आडवं होऊन ऐकायला गेलात तर तिसऱ्या मुद्रिकेपर्यंत डोळा लागणारच. खुर्चीत बसा. भांडी आवरताना, भाजी निवडताना ऐकलं तरी चालेल. हात गुंतलेले आणि कान मोकळे असले की बोलणं चांगलं डोक्यात शिरतं.

४. सकाळ

बेल्स ऑन संडे जेमतेम दोन मिनिटांचा आहे. ब्रिटनमधल्या एखाद्या चर्चच्या घंटा वाजतात, एवढंच. पण आपल्याकडे से कॅथेड्रलची सुवर्णघंटा ज्याने ऐकली आहे त्याला फरक लगेच जाणवेल. तिथल्या घंटा चाकावर बसवलेल्या असतात आणि पूर्ण गोल फिरवून वाजवतात. त्यांतून गाण्याची चाल निघत नाही. घंटांचा क्रम दर फेरीला ठरलेल्या नियमाने बदलत जातो, गणितातल्या क्रमपर्यायांसारखा. प्रत्येक घंटेला एक माणूस असतो आणि त्याला आपली जागा लक्षात ठेवावी लागते.

त्यानंतरचा ‘संडे’ हा धर्मविषयक बातम्यांचा कार्यक्रम आणि संडे वर्शिप तुम्हाला रुची असेल तर ऐका. प्रार्थनेतलं इंग्रजी संथ आणि स्पष्ट असतं, उच्चारांच्या सरावाला ते उत्तम आहे. मी नियमित ऐकत नाही.

सकाळ मी आकाशवाणी पणजीला देतो आणि तुम्हीही द्या. १२८७ किलोहर्ट्झवरचं हे केंद्र १९४६ मध्ये पोर्तुगीजांच्या काळात एमिसोरा द गोवा म्हणून सुरू झालं आणि मुक्तीनंतर आकाशवाणीकडे आलं. बोलण्याच्या रेडिओशी गोव्याचं नातं त्याहून खोल आहे. १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोली आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून भूमिगत केंद्र चालवलं, कोकणी आणि पोर्तुगीजमधून. नुसत्या बोललेल्या शब्दासाठी कान टवकारून बसणारी माणसं आपल्या घराघरात होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ११ वाजता ‘मन की बात’ असते, ती ऐकणाऱ्यांनी त्यानुसार आखणी करावी.

५. दुपार: वर्तमानपत्रं आणि एक गाव

ब्रॉडकास्टिंग हाउस हा तासाभराचा बातम्यांचा कार्यक्रम, पण आठवड्यातल्या इतर दिवसांसारखा तावातावाचा नाही. बीबीसीच्या १९३२ मध्ये उघडलेल्या मुख्य इमारतीचं नाव त्याला दिलं आहे. पाहुणे रविवारची वर्तमानपत्रं चाळून त्यांना काय महत्त्वाचं वाटलं ते सांगतात. ब्रिटिश राजकारणाची नावं ठाऊक नसतील तर पहिल्यांदा जड जाईल. सकाळी एखाद्या ब्रिटिश वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरचे मथळे वाचून ठेवा, निम्मं काम होतं.

द आर्चर्सबद्दल इशारा देतो: याने सुरुवात करू नका. १ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू असलेली ही श्रुतिका जगातली सर्वात जास्त काळ चाललेली नाट्यमालिका मानली जाते. बोर्सेटशर नावाच्या काल्पनिक परगण्यातल्या अँब्रिज गावची ही गोष्ट. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती, तेव्हा शेतकऱ्यांपर्यंत नवी माहिती गोष्टीतून पोचावी हा तिचा मूळ हेतू. आजही तिच्यात दूध, बियाणं, जमिनीचे वाटे यांवर घरं भांडतात. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, त्यामुळे विषय कळतात. पण पात्रं खंडीभर, निवेदक कुणी नाही, आणि कोण बोलतंय ते फक्त आवाजावरून ओळखायचं. ग्रामीण उच्चार वेगळेच.

त्यावर उपाय असा. ब्रुकफील्ड ही आर्चर घराण्याची शेतवाडी. सुरुवातीला फक्त तिथल्या माणसांचे प्रसंग धरा, बाकीचे कानावरून जाऊ द्या. गावातल्या ‘द बुल’ या पबमध्ये सगळे भेटतात, तिथले प्रसंगही सोपे असतात. वहीत आवाजाचं वर्णन आणि नाव लिहा: ‘घोगरा, म्हातारा, सतत तक्रार’ असं. दोन महिन्यांत गाव ओळखीचं होतं. रविवारचा एकत्रित भाग सव्वा तासाचा असतो. तो एका बैठकीत ऐकला तर धागा तुटत नाही.

द वर्ल्ड धिस वीकेंड अर्ध्या तासाचा बातमीपट. वेळ असेल तर ऐका, नसेल तर तेवढ्यात चहा करा.

६. दिवेलागणीला बागकाम

तुळशीपुढे दिवा लावायच्या सुमारास तिकडे दुपारचे दोन वाजतात आणि गार्डनर्स क्वेश्चन टाइम लागतो. ९ एप्रिल १९४७ ला सुरू झालेला हा कार्यक्रम गावोगाव फिरतो. सभागृहात लोक आपल्या बागेतल्या अडचणी विचारतात आणि तज्ज्ञ उत्तरं देतात. तो शुक्रवारी पहिल्यांदा लागतो, रविवारी त्याचं पुनःप्रसारण असतं.

कुळागर असलेल्यांनी हा जरूर ऐकावा, मात्र सल्ला जसाच्या तसा उचलू नये. त्यांचा मोठा शत्रू दव गोठवणारी थंडी, आपला शत्रू जूनमधलं साचलेलं पाणी. ‘उन्हाची जागा’ ते म्हणतात तेव्हा त्यांचं ऊन आपल्या कोवळ्या उन्हाहूनही मऊ असतं. पण कंपोस्ट, आच्छादन, मातीचा कस, गोगलगायी, कुंडीतल्या झाडाची मुळं गुरफटणं हे विषय सारखेच. शिवाय तज्ज्ञांचं एकमत होत नाही आणि ते मोकळेपणाने तसं सांगतात, हे मला फार आवडतं. इंग्रजी शिकणाऱ्यासाठीही हा कार्यक्रम सोन्यासारखा आहे: प्रश्न एकाचा, उत्तरं तिघांची, तीच गोष्ट तीन वेगळ्या शब्दांत कानावर येते.

७. रात्री समुद्र

शिपिंग फोरकास्ट काही मिनिटांचंच असतं. ब्रिटनच्या हवामान खात्याने तयार केलेला जहाजांसाठीचा अंदाज. पहिल्यांदा ऐकताना एक वाक्य कळणार नाही. तरी सोडू नका, कारण एकदा रचना कळली की मालीमच्या किंवा कुटबणच्या जेटीवर वाढलेल्या माणसाला हे पूर्ण समजतं.

ब्रिटनच्या भोवतालचा समुद्र ३१ क्षेत्रांत वाटला आहे. व्हायकिंगपासून सुरुवात होते आणि साधारण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बेटांना फेरी घातली जाते: फोर्टीज, डॉगर, जर्मन बाइट, हंबर, टेम्स, डोव्हर, वाइट, पुढे फास्टनेट, रॉकॉल, फेअर आइल, आणि शेवटी आग्नेय आइसलँड. नकाशा समोर ठेवून बोट फिरवत ऐका. नकाशा लागतो तो इथेच.

क्रम नेहमी तोच. आधी वादळी वाऱ्याचे इशारे, मग हवेच्या दाबाची स्थिती, मग क्षेत्रवार अंदाज. प्रत्येक क्षेत्रासाठी वाऱ्याची दिशा व जोर, समुद्राची अवस्था, पाऊस, आणि शेवटी किती लांबचं दिसेल ते. वाऱ्याचा आकडा ब्यूफोर्ट मापाचा असतो. ८ म्हणजे ‘गेल’, ताशी ६२ ते ७४ किलोमीटर. आणखी काही खुणा पाठ करा:

- ‘इमिनंट’ म्हणजे सहा तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे सहा ते बारा तासांत, ‘लेटर’ म्हणजे बारा तासांनंतर.
- ‘व्हिअरिंग’ म्हणजे वारा घड्याळाच्या दिशेने वळतोय, ‘बॅकिंग’ म्हणजे उलट दिशेने.
- शेवटी येणारा ‘गुड’ हा दृश्यमानतेचा: पाच सागरी मैलांपेक्षा जास्त. ‘मॉडरेट’ दोन ते पाच, ‘पुअर’ त्याहून कमी. हजार मीटरच्या आत दिसेनासं झालं की ‘व्हेरी पुअर’.

नवा श्रोता हमखास फसतो तो या शेवटच्या शब्दावर. ‘रेन, गुड’ ऐकून पाऊस चांगला आहे असं वाटतं. तसं नाही. पाऊस आहे, पण लांबवर दिसतंय.

हे सगळं आलं कुठून? ऑक्टोबर १८५९ मध्ये रॉयल चार्टर हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं बुडाली. डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय तेव्हा हवामानाचं काम पाहत होते. त्यांनी तारेने बंदरांना वादळाचे इशारे द्यायला १८६१ मध्ये सुरुवात केली. २००२ मध्ये फिनिस्टेर या क्षेत्राला त्यांचं नाव देण्यात आलं. रात्री कोरड्या सुरात ‘फिट्झरॉय’ ऐकू येतं ते हेच. जून-जुलैत मासेमारीची बंदी असते, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, बाहेर पाऊस कोसळत असतो, अशा रात्री दुसऱ्या कुठल्या तरी समुद्रावरच्या माणसांसाठी कुणी इतक्या काळजीने प्रत्येक शब्द मोजून वाचतंय हे ऐकण्यासारखं आहे.

पहाटे उठणाऱ्यांसाठी आणखी एक प्रसारण आहे. तिकडच्या मध्यरात्रीनंतर १२.४८ ला, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे ५.१८ ला, हिवाळ्यात ६.१८ ला. त्याआधी ‘सेलिंग बाय’ ही संथ धून वाजते. ट्रफाल्गर या क्षेत्राचा अंदाज नेहमी मिळतो तो याच प्रसारणात.

आपल्या समुद्रात जाणाऱ्यांनी अर्थातच आल्तिनोवरच्या हवामान केंद्राचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा इशारा पाहावा.

८. वही कशी वापरायची

फोनवर टिपणं करायला गेलं की निरोप दिसतात, बोट तिकडे वळतं आणि कार्यक्रम निसटतो. कागदाची वही घ्या. न कळलेला शब्द जसा ऐकू आला तसा देवनागरीत लिहा. स्पेलिंगच्या मागे लागू नका. नंतर शोधता येतो. एका कार्यक्रमाला पाचापेक्षा जास्त शब्द लिहू नका. उरलेल्या जागेत एकच वाक्य मराठीत: आज काय ऐकलं. बोलण्याच्या रेडिओवर कान बसतो तो हळूहळू. एखाद्या दिवशी तुम्ही वाक्याच्या अर्ध्यातच हसाल आणि मग कळेल की मनातल्या मनात मराठी करणं थांबलं आहे.

९. नेहमीच्या अडचणी

वीज गेली तर राउटर बंद, म्हणून फोनचा डेटा राखून ठेवा. ब्लूटूथ स्पीकरची बॅटरी शनिवारी रात्रीच भरून घ्या. फोन आला की प्रवाह थांबतो आणि पुन्हा सुरू होताना कधीकधी तो मागे राहिलेला असतो, तेव्हा थेट प्रसारणाचं बटण पुन्हा दाबा.

तासाच्या ठोक्याला सहा ‘पिप्स’ ऐकू येतात, शेवटचा लांब. १९२४ पासूनचा हा वेळेचा संकेत, पण इंटरनेटवरून येताना तो काही सेकंद, कधी त्याहून जास्त उशिरा पोचतो. त्यावर घड्याळ लावू नका.

कार्यक्रम हुकला तर नंतर सापडेलच असं नाही. काही पॉडकास्ट म्हणून मिळतात, काही ब्रिटनबाहेर मिळतच नाहीत. पिक ऑफ द वीक रात्री उशिरा येतो, पण आठवड्याभरातले निवडक तुकडे त्यात असतात, आणि पुढच्या आठवड्यात काय ऐकावं हे ठरवायला त्याच्याइतकी सोय दुसरी नाही. जागणं जमत नसेल तर मोठ्या सुट्टीच्या आदल्या रविवारी तरी ऐका.

घरात इतरांना त्रास होत असेल तर इअरफोन लावा, पण एक तरी कार्यक्रम स्पीकरवर सगळ्यांबरोबर ऐका. बागकामाचा त्यासाठी सगळ्यात सोयीचा. कुणाला सगळं कळलं नाही तरी कुंडीतल्या मोगऱ्यावरून वाद सुरू होतोच, आणि तेव्हा आवाज थोडा कमी करायचा.